कागदी ताटलीपुरता नेम

मी एक रिव्हॉल्वर बोलतोय. शिकारीचा, चव्वेचाळीस कॅलिबरचा. दचकू नका, माझ्या चक्रीची सहाही घरं सध्या रिकामी आहेत.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. तेलाचा वास आणि कुणा बाईचं गुणगुणणं, एवढंच. डोळे उघडले ते अमेरिकेत, मोंटानातल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात. शेजारी माझा थोरला चुलतभाऊ होता. घरं पाचच, पण नळीचं तोंड एवढं रुंद की गिऱ्हाईक आधी त्याच्याकडेच वळायचं. माणसांना मोठ्या तोंडाचं एवढं वेड का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

ऑरिन टॅगर्टही त्याच्याकडेच वळला. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी त्याची रायफल बंद केली होती. हरणाच्या मटणाशिवाय हिवाळा काढायची कल्पनाच त्याला सहन होत नव्हती.

"सगळ्यात मोठा दे," तो दुकानदाराला म्हणाला.

"हरीण मारायचंय की आगगाडी थांबवायचीय?" त्याची बायको व्हर्ना म्हणाली. "आधी धरून तरी बघ!"

धरताच ऑरिनचं मनगट वाकलं. मग त्याने मला उचललं आणि मी त्याच्या मुठीत अलगद बसलो. मला फार आनंद झाला. पण माणसाचा हट्ट असा जातोय कुठे? काडतुसं त्याने सगळ्यात जहाल घेतली.

घरामागच्या माळावर त्याने कागदी ताटली टांगली. इथल्या शिकाऱ्यांचा रिवाज साधा आहे. जिथून सहाही गोळ्या ताटलीत बसतात, तेवढ्याच अंतरावरून जनावरावर बार टाकायचा. त्याहून लांबून टाकला, तर जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठल्या तरी झुडपात तडफडत मरतं. ऑरिनची एकही गोळी ताटलीला शिवली नाही.

"रिव्हॉल्वरच वाकडा आहे!" तो म्हणाला. माझा संताप संताप झाला.

"आण, मी भरून देते," व्हर्ना म्हणाली. पाच घरांत तिने चांगली काडतुसं घातली आणि एका घरात गुपचूप एक रिकामं, आधीच उडवलेलं.

दोन बार झाले. तिसऱ्याला नुसतंच खट् वाजलं. धक्का नाही, आवाज नाही, तरी माझी नळी झटकन जमिनीकडे झुकली. ऑरिनचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"वाकडं कोण, कळलं?"

तो पाय आपटत घरात गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तो मान खाली घालूनच.

"भीती वाटते गं मला त्या धक्क्याची. या वयात!"

"मग मवाळ काडतुसं घेऊ. गोळी जड, बारूद कमी. हरणाला तेवढं पुरतं, आणि तुझे डोळे उघडे राहतील."

तसंच झालं. ताटलीत गोळ्या बसू लागल्या, पण माळावर पडून असलेल्या जुन्या ट्रॅक्टरपाशी उभं राहिलं तरच. त्याहून लांबून नाही. त्या शरदात हरीण दिसलं ते दुप्पट लांब. ऑरिनने बराच वेळ नेम धरला आणि बार न टाकताच घोडा हळूच खाली सोडला. शेजाऱ्यांनी हिवाळाभर त्याची टर उडवली. पुढच्या वर्षी हरीण जवळ आलं आणि एका गोळीत जागीच पडलं. ऑरिन टोपी काढून त्याच्यापाशी कितीतरी वेळ बसून राहिला. माणसं ज्याला मारतात त्याच्यापुढे टोपी काढतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग वर्षं गेली. ऑरिनचा हात थरथरू लागला. दर शरदात त्याला ताटलीच्या आणखी जवळ जावं लागायचं. गेल्या खेपेला तर अगदी समोर उभं राहूनही दोन गोळ्या बाहेर गेल्या. त्याने भोकं मोजली नाहीत. ताटली काढून घडी घातली, मला भरलं आणि व्हर्नाच्या हातात दिलं.

"आता तू."

ती ट्रॅक्टरपाशी जाऊन उभी राहिली. पहिला बार ताटलीच्या मधोमध. दुसऱ्याला खट्! माझी नळी तसूभरही हलली नाही.

"रिकामं घातलंस ना, लबाडा?" ती मागे न बघताच म्हणाली.

ऑरिन हसला, आणि हसता हसता त्याला रडू आवरेना. "जा," तो म्हणाला, "यंदाचं हरीण तुझं."

आता मी व्हर्नाच्या कमरेला असतो. तुम्ही कधी आमच्यातला कुणी निवडायला गेलात, तर तोंड किती मोठं ते नंतर विचारा. आधी एक कागदी ताटली घ्या, आणि एक रिकामं काडतूस घरच्या माणसाकडे देऊन ठेवा.