रबरी पापलेट

मढच्या बंगल्याच्या मागच्या दाराशी बसून मी जन्मभर मासळी विकली. आता त्या बंगल्याचं म्युझियम झालंय. तिथली रुचिका मॅडम म्हणाली, "सगुणामावशी, रविवारी जुन्या जागेवर तशाच बसा ना. लोकांना पूर्वीचं कळू दे."

मी वर्सोव्याहून होडीनं गेले, तर हिनं माझ्या टोपलीत रबरी पापलेटं ठेवली. खऱ्या मासळीचा वास येतो म्हणे. मग काय अत्तराचा येणार? तरी बसले.

लोक फोटो काढत होते. बसल्या बसल्या सवयीनं माझ्या तोंडून हाक गेली, "पापलेट घ्या गं, ताजं पापलेट."

बंगल्याच्या मालकीणबाई अजून वरच्या दोन खोल्यांत राहतात. हाक ऐकून त्या ताट घेऊन खाली आल्या. ताजेपणा बघायला पापलेटाचा कल्ला उचलायला गेल्या, तो उचलेना.

"सगुणा, असला माल तू मला कधी दिला नाहीस," त्या म्हणाल्या.

रुचिका हसली. मला हसू आलं नाही.

सोमवारी म्युझियम बंद असतं. मी खरी पापलेटं घेऊन गेले आणि मागच्या दाराशी हाक दिली. बाई ताट घेऊन आल्या, कल्ला उचलून बघितला, आणि पूर्वीसारख्याच भाव पाडायला बसल्या.