सुपारीएवढा मंगळ

मी पृथ्वी बोलतोय. 'बोलतेय' म्हणायला हवं, हे मलाही कळतं. पण जन्माने मी पृथ्वी नाही. मी पाळण्याच्या खांबावरचा सागवानी लट्टू. पृथ्वी मी नंतर झालो, आणि तेव्हापासून जो गोंधळलो तो गोंधळलोच. तुम्ही ज्या पृथ्वीवर उभे आहात ती वेगळी. मीही तिच्यावरच ठेवलेला असतो, पण आमची ओळख नाही.

पांढुर्ण्याच्या एका सुताराने मला कातून गोल केलं. ज्या पाळण्यावर मला बसवलं त्यात पहिलं मूल निजलं ते मोरेश्वर. पोरं वाढली, पाळणा माळ्यावर गेला. पुढे देश स्वतंत्र झाला, तेही मी माळ्यावरूनच ऐकलं. खाली जिलेबी वाटत होते. मोरेश्वर सौसरच्या शाळेत मास्तर झाले होते. एका पोळ्याला ते घरी आले, माळ्यावर चढले आणि मला उपटून घेऊन गेले.

त्यांना सूर्यमाला करायची होती. शाळेत तसलं काही नव्हतं. पितळी लोट्याचा सूर्य झाला. गुरू म्हणून कवठ, शुक्र म्हणून काचेची गोटी, मंगळ म्हणून कुंकवाने रंगवलेली सुपारी. शनीच्या भोवती नलिनीबाईंची जुनी बांगडी बसवली. नलिनीबाई मास्तरांच्या पत्नी. त्या म्हणाल्या, शनीला माझीच बांगडी का? पण दिली. मला नीळ फासली, गेरूचे खंड काढले, तारेवर रिठ्याचा चंद्र लावला आणि मास्तर मला म्हणाले, "झाली पृथ्वी."

मी कोणाला विचारणार, की पृथ्वी होणं म्हणजे काय करायचं?

शाळेत वर्षं चांगली गेली. पोरं मला बोटाने फिरवत. बहुतेकांना माझ्यावर सौसर शोधायचं असे. ते कोणालाच सापडत नसे, कारण मास्तरांनी ते काढलंच नव्हतं. नागपूरसुद्धा नव्हतं. एवढ्याशा लट्टूवर हिंदुस्थान कसाबसा मावला होता.

मग एकोणीसशे छप्पन साल आलं. त्या पावसाळ्यात गावात एकच बोलणं. राज्यं नव्याने आखणार. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आणि सौसर-पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहणार. मला काही कळेना. आजवर मध्यप्रदेशाची राजधानी नागपूरच होती. आता नागपूर जाणार, मध्यप्रदेश राहणार, आणि राजधानी कुठे तर दूर भोपाळला. शाळेतल्या मास्तरांनाही कळत नव्हतं. कोणी म्हणे, मराठी शाळा बंद होतील. कोणी म्हणे, काही होत नाही. आमच्या मास्तरांना सरकारची विचारणा आली होती, की तिकडे जायचं की इकडेच राहायचं.

नलिनीबाईंचं माहेर काटोल, नागपूरच्या बाजूला. त्यांची आई तिथे एकटी होती आणि तिला दिसेनासं झालं होतं. त्या रोज विचारत आणि मास्तर रोज उद्यावर ढकलत. पांढुर्ण्याला त्यांचे वडील होते, शेत होतं. घरात ते गप्प असत आणि वर्गात मात्र भरभरून बोलत. मला वाटतं, त्या दिवसांत त्यांना विश्व सोपं वाटत असावं.

असंच एक दिवस ते विश्वाचा इतिहास सांगायला बसले. पोरांनी टकळीवर कातलेलं सूत त्यांनी एकाला एक जोडलं आणि शाळेच्या दारापासून थेट बाजारापर्यंत नेऊन ताणलं. हे टोक म्हणजे विश्वाची सुरुवात. ती कशी झाली यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही, असं ते म्हणाले. मग चालत चालत सांगत गेले: इथे तारे, इथे सूर्य, इथे आपली पृथ्वी. तेव्हा त्यांनी मला उंच धरलं. इथे पाण्यातले जीव, इथे झाडं. बाजारात पोचल्यावर सुताच्या शेवटाला त्यांनी नख लावलं आणि म्हणाले, "एवढा माणूस. राजे, लढाया, पोथ्या, सगळं या नखाच्या आत."

पोरं हसली. कापसाचे आडतेसुद्धा हसले. मी मात्र चक्रावलो. पृथ्वी आधी आणि माणूस शेवटी म्हणे, पण मी पृथ्वी होण्याआधीच पाळण्यात पोरं होती की!

परतल्यावर मास्तरांनी सूर्यमाला फिरवून दाखवली. सध्या संध्याकाळी पूर्वेला लाल तेजस्वी दिसतो तो तारा नव्हे, मंगळ आहे, यंदा तो पृथ्वीच्या फार जवळ आला आहे, असं सांगून त्यांनी सुपारीवर बोट ठेवलं. तेव्हा शेवटच्या रांगेतली रजनी उठली. रामाकोना गावची पोर, अकरा-बारा वर्षांची. ती पुढे आली, सुपारीकडे पाहत उभी राहिली आणि काही न बोलता दप्तर घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग शाळेत आली तिची आजी, केसरबाई. रजनीला आई आठवतही नव्हती, आणि बाप मागच्या पावसाळ्यात कन्हान नदीच्या पुरात गेला होता. केसरबाई दारातच उभी राहिली.

"मास्तर, पोरीचा बाप तुम्ही सुपारी करून टाकला," ती म्हणाली.

मास्तरांना काही समजेना. मग तिने सांगितलं. बाप गेल्यापासून पोरगी धड जेवत नव्हती. यंदा तो लाल तारा उगवू लागला तेव्हा केसरबाईने तिला सांगितलं, की तुझा बाप आला बघ, तुले भेटाले. तेव्हापासून पोर रोज अंगणात ताट घेऊन बसायची आणि त्याच्यासमोर जेवायची. "आता अंगणात येत नाही, जेवून नाही राहिली. तुमचं खरं असन. पण माह्या पोरीले काय चारू मी?"

एवढं बोलून ती गेली. मास्तरांनी सूर्यमालेवर कापड टाकलं. त्या कापडाखाली आम्ही सगळे, सुपारी, कवठ, लोटा, अंधारात बसलो. सुपारीची चूक काय, हे आम्हा कोणालाच कळलं नाही.

पुढे माझ्या कानावर आलं ते असं: त्या दिवशी घरी जाऊन मास्तर नलिनीबाईंना म्हणाले, की मी चूक काही सांगितलं नाही. नलिनीबाई म्हणाल्या, "चूक नाही हो. पण तुम्ही तिला सांगताना तिच्याकडे पाहिलं होतं का?" मास्तर ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला तारेवरून काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि सायकलवर रामाकोन्याची वाट धरली. मलाच का घेतलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रिकाम्या हाताने जाणं बरं वाटलं नसेल.

केसरबाईचं घर संत्र्याच्या बगीच्याला लागून होतं. मास्तर अंगणात बसले. केसरबाईने चहा दिला. दिवस मावळत होता. रजनी दाराच्या आत बसली होती, तिथून तिचे पाय तेवढे दिसत होते.

मास्तर पुष्कळ बोलले. प्रकाश किती दुरून येतो, आकाश किती मोठं आहे, विज्ञान काय म्हणतं. खिशातून मी ऐकत होतो, आणि मला वाटत होतं, की हे सगळं बरोबर आहे आणि यातलं काहीच इथे उपयोगाचं नाही. शेवटी त्यांनी कप खाली ठेवला. तेवढ्यात बगीच्यावर मंगळ उगवला. लाल, मोठा, कोणीही दचकावं असा.

रजनी दारात आली. "गुरुजी, खरं सांगा. तो कोण?"

केसरबाई मास्तरांकडे पाहत होती. मला वाटलं, आता ते हो म्हणतील, तुझा बापच आहे म्हणतील. मीही तेच म्हणालो असतो.

"तो मंगळ आहे," मास्तर म्हणाले.

"मंग बाबा कुठी हायेत?"

"मला माहीत नाही, रजनी. जे माहीत आहे ते मी वर्गात सांगितलं. जे माहीत नाही ते सांगायचं राहून गेलं. ते फार जास्त आहे."

"म्हंजे तुमाले बी माहीत नाही?"

"नाही. तू पाहा. मीही पाहीन. कोणाला आधी कळलं तर दुसऱ्याला सांगायचं."

पोर अंगणात उतरली. मग तिने जे विचारलं त्याने मास्तर चांगलेच घोटाळ्यात पडले. "गुरुजी, तुम्ही म्हणाले, सुताच्या टोकाशी माणूस आहे. पण सुताचं टोक तर टकळीवर असते, आनखी कातता येते. सूत संपलं कुठी?"

मास्तरांनी खिशातून मला काढलं आणि नुसतं हातात फिरवत बसले. केसरबाई आत गेली. भाकर आणि चुनाचं, म्हणजे बेसनाचं, पिठलं घेऊन आली. तिने दोन ताटं वाढली, एक मास्तरांना. रजनी मास्तरांशेजारी बसली. आधी तिने भाकर नुसती कुस्करली. मग एक घास खाल्ला. केसरबाईने तोंड दुसरीकडे केलं.

निघताना केसरबाईने विचारलं, "तुम्ही नागपूरकडे चालले म्हणते लोक. मंग आम्ही कोण्या राज्याचे?"

"मध्यप्रदेशाचे."

"ते तर आताबी हाओच."

"हो," मास्तर म्हणाले. आणि मंगळाखाली सायकलची साखळी बसवत त्यांनी पुन्हा म्हटलं, "हो ना."

दिवाळीच्या तोंडावर नोव्हेंबरची पहिली तारीख आली. लोक एका मध्यप्रदेशात झोपले आणि दुसऱ्या मध्यप्रदेशात उठले. कोंबडे तसेच आरवले. मास्तरांनी काटोलकडे जायचं ठरवलं होतं. नलिनीबाईंच्या आईला आता घरातला रस्ताही दिसत नव्हता. तारे आणि राज्यं थांबू शकत होती, ती थांबू शकत नव्हती. पांढुर्ण्याच्या वडिलांनी जा म्हटलं, पण पोचवायला आले नाहीत.

सौसरच्या स्टेशनवर छोटी गाडी उभी होती. रजनी केसरबाईबरोबर संत्र्यांची टोपली घेऊन आली होती. मास्तरांनी मला तिच्या हातात दिलं. सूर्यमाला शाळेतच ठेवली होती, पृथ्वीविना. त्यांच्या जागी येणारा मास्तर काय म्हणेल याचा त्यांनी विचार केला नसावा. गाडी हलली. मास्तर खिडकीतून हात हलवत होते आणि रडत होते. नवं राज्य गाडीने जेमतेम काही तासांवर होतं, तरी रडत होते. माणसांचं मला खरंच कळत नाही.

रजनी मोठी झाली, शिक्षिका झाली. बोरगावच्या शाळेत तिने हिंदीतही शिकवलं, मराठीतही शिकवलं. वर्गात ती मला टेबलावर ठेवायची. विश्वाबद्दल सांगून झालं, की पोरांना सांगायची, आता मला काय काय माहीत नाही ते ऐका. मुख्याध्यापकांना ते आवडत नसे.

पुष्कळ वर्षांनी एकदा मास्तर आले. केस पांढरे, हातात काठी. रजनीबाईंनी पाय धरले, चहा ठेवला. मास्तरांनी कप हातात घेतला आणि विचारलं, "कळलं का काही?"

"नाही, गुरुजी. तुम्हाले?"

"नाही."

मग दोघं हसू लागले. एवढे हसले, की चहा बशीत सांडला. मी शेजारीच होतो. यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून उमगलेलं नाही, पण त्या दिवशी मला पृथ्वी असल्याचं बरं वाटलं.

आता माझी नीळ उडाली आहे. समुद्र कुठे आणि जमीन कुठे, सांगता येत नाही. रजनीबाई थकल्या आहेत. त्यांच्यानंतर मला कोणी चुलीत घालेल, कोणी खेळायला देईल. माझं काही म्हणणं नाही. एकच विनंती आहे. ज्याला सगळं पक्कं माहीत आहे, अशा माणसाच्या हाती मला देऊ नका. कोणाच्या तरी शेजारी ठेवा, जो जेवताना आकाशाकडे पाहतो आणि शेजारच्याला विचारतो, हे काय असेल हो? तिथे मी गप्प बसेन. मलाही ऐकायचं आहे.