दिव्यानीचं झाड

नूतनचं लग्न झालं, त्या वर्षीचा चैत. लेकीच्या हळदीचा पिवळेपणा गिरजाबाईच्या नखांवरून अजून उतरला नव्हता, आणि इकडे देवराव अंगणवाडीच्या दारात उभा राहून ओरडत होता.

"पाहा बाई, मह्या अंकुशच्या हाताले पुन्हा चावली! पोरगी हाय का कुत्री? उद्या थे इथी दिसली, त आमी आमची पोरं पाठवत नाई."

चार वर्षांची दिव्यानी भिंतीला पाठ लावून बसली होती. तिची आई सुकरी मोहफुलांच्या टोपलीसकट जंगलातून धावत आली होती.

"बाई, हिले काढू नोका. मोहाचे दिवस हाय. मागच्या साली खाटेले बांधून जावं लागे मले."

बाई शिकवणाऱ्या, गिरजाबाई नुसती मदतनीस. खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. तरी तीच बोलली, "देवरावभाऊ, आठ दिवस द्या. नाई सुधरली त मीच हिले घरी पोचवून देईन."

दिव्यानी आपणहून कुणाच्या अंगावर जात नव्हती, हे तिनं पाहिलं होतं. कुणी जवळ आलं की दात लावायची. बांधलेल्या लेकराला पळता येत नाही. दात तेवढे मोकळे असतात.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाईनं चुलीतली राख आणून अंगणात गोल आखले. एकेका पोराला एकेक.

"हे अंकुशचं झाड. हे दिव्यानीचं. दुसऱ्याच्या झाडाखालचा मोह वेचता येते का?"

"नाई!" पोरं ओरडली. घराघराचं मोहाचं झाड ठरलेलं, हे त्या गावात रांगत्या पोरालाही ठाऊक.

"मंग जायचं असन त?"

"पुसा लागते! येऊ का म्हनून!"

अंकुश राखेच्या कडेशी उभा राहिला. "तुह्या झाडाखाली येऊ का?"

"नाई."

त्याचा ओठ लोंबला. गिरजाबाई म्हणाली, "नाई म्हणते त नाई. उद्या पुसजो."

तो रोज पुसत राहिला. शेवटी एकदा दिव्यानी म्हणाली, "ये. पन बैल आन." अंकुश लाकडी बैल घेऊन आत जाऊन बसला.

आठव्या दिवशी देवराव तावातावानं अंगणात शिरला, तो थेट राखेवरच. "काका, पुसा!" पोरं एका सुरात ओरडली. त्यानं पाय मागं घेतला. लेक दिव्यानीशेजारी बसून बैल हाकत होता.

"येऊ का मंग?" देवराव ओशाळून म्हणाला.

दिव्यानीनं जरा विचार केला. "चप्पल काढा."

पुढं अंगणवाडीला फरशी आली, राख गेली. दिव्यानी गडचिरोलीला नर्सिंग शिकू लागली. गिरजाबाईनं खाट धरल्याचं कळलं, तेव्हा ती पहिल्या गाडीनं गावी आली. घरात माणसं होती, दार उघडं होतं. ती उंबऱ्याशीच थांबली.

"आजी, तुह्या झाडाखाली येऊ का?"

गिरजाबाईचा आवाज गेला होता. तिनं हळूहळू पाय जवळ ओढले आणि खाटेवर एका माणसापुरती जागा केली.

गिरजाबाई २०२४ साली, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी वारली. पोरं तेव्हा लाकडी बैल सजवत होती.