समोरचं ताट

“देवाला निवद दाखवला की पहिलं ताट समोर राहीबाईला. मग तू जेव.”

सासूबाईंना, म्हणजे आक्काबाईंना, जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण ताट वाढताना विजयमालाबाईंना तो आवाज अजून ऐकू यायचा. राहीबाई सासूबाईंच्या मैत्रीण. समोरच्या घरात एकट्याच. गुडघ्यांनी त्यांना ओट्यावर बसवून ठेवलं होतं. शेवटच्या आजारात सासूबाईंनी हात धरून हे वदवून घेतलं, आणि विजयमालाबाईंनी हो म्हटलं. तेव्हापासून ते ताट त्या आपल्या पूजेचाच भाग मानत.

तेव्हा मधे नुसता रस्ता होता. आता स्मार्ट रस्ता झाला. मधोमध दुभाजक, त्यात बोगनवेल, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. एका जागी कुणीतरी गज वाकवले होते. तेवढ्यातून पदर सावरत विजयमालाबाई पलीकडे जायच्या.

आज त्या ताट झाकून बाहेर आल्या, तर नेमक्या त्या फटीपाशी ठिणग्या उडत होत्या.

“साहेब, एवढी जागा राहू द्या ना. समोरच्या आजींना रोज ताट न्यायचं असतं,” वेल्डरशेजारी उभ्या असलेल्या इंजिनिअरला त्या म्हणाल्या.

“काकू, अपघात होतात. तुमच्यासाठीच तर पादचारी पूल केलाय. लिफ्टसुद्धा आहे.”

“तिला कुलूप आहे.”

“ते दुसऱ्या टप्प्यात.” त्याने मोबाईलवर चित्र दाखवलं. रुंद पदपथ, झाडं, हसत चालणारी माणसं. “असं होणार आहे आपलं गाव.”

विजयमालाबाईंनी चित्रात आपलं घर शोधलं. तिथे कारंजं होतं.

“आणि आजींना डबा का नाही लावत? ॲपवरून लगेच येतो.”

त्यांना ओरडावंसं वाटलं. त्यांनी मनात देवाचं नाव घेतलं.

फोन वाजला. पलीकडे राहीबाई मोबाईल कानाला लावून बसल्या होत्या. मधून उसाचे ट्रॅक्टर धडधडत चालले होते.

“विजे, बुजवलं का गं भोक?”

“हो, आत्या.”

“त्या फुलांना रोज टँकर येतो बघ पानी घालाया. मला वाटीभर आमटी यायला वाट न्हाई! पुढल्या जल्मी बोगनवेलच हुते मी.”

विजयमालाबाई हसल्या. मग त्यांना आपल्या हसण्याचाच राग आला.

“आन ऐक, त्या पुलाच्या पायऱ्या चढू नको. तुझं गुडघं तरी कुठं धड हायेत? आजपासून तू जेवून घेत जा. आक्काला मी सांगते वर गेल्यावर.”

“तुम्ही काही सांगू नका, आत्या. आमटी जरा गार होईल, एवढंच.”

पूल लांब, एसटी स्टँडपाशी. राहीबाई मात्र इतक्या जवळ, की त्यांच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

विजयमालाबाईंनी ताटावरचा रुमाल नीट खोवला, राहीबाईंकडे पाठ फिरवली आणि त्या पुलाच्या दिशेने चालू लागल्या.