वाफ्याला मधली सुट्टी

बागेच्या प्रशिक्षणाला शाळेतून मला पाठवलं, कारण बाकी सगळ्यांना ऐन वेळी काहीतरी काम निघालं. मी शिवणाची शिक्षिका. सुईत दोरा ओवता येतो म्हणजे मातीतही हात घालता येईल, असं मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, वाटलं असावं.

तीन दिवसांनी मी एक जाडजूड फाइल आणि मुळ्याच्या बियांची पाकिटं घेऊन परतले.

"चाळीस दिवसांनी त्या प्रशिक्षणाच्या मॅडम बघायला येणार ना?" मोठ्या बाई म्हणाल्या. "तोवर काही उगवलं तर बाग. नाहीतर तिथे स्कूटर लावायच्या. तुम्ही चालत येता, तुम्हाला काय कळणार!"

जागा कसली, शिवणवर्गाच्या खिडकीखालचा दोन सतरंज्यांएवढा तुकडा. बावीस वर्षं मी त्या खिडकीतून मोडक्या बाकांचा ढीग बघत आले. बाक हलले, खालची माती दिसली आणि माझा जीवच तिच्यात अडकला. आता तिथे स्कूटर बघायची माझी अजिबात तयारी नव्हती.

फाइलमध्ये दोन गोष्टी ठळक होत्या. परिसरातला एक भागीदार घ्या, आणि प्रत्येक विषय बागेशी जोडा. भागीदार सोपा निघाला. फाटकाशी भाजी विकणाऱ्या मावशींची सही घेतली, त्यांच्यासोबत फोटो काढला, आणि त्यांना परत फाटकाशी पाठवलं. विषय जोडायला मात्र जिवाचं रान केलं. दोन दिवस सगळ्या शिक्षकांना बसवून शिकवलं. एरवी सूचनावही न वाचता सही ठोकणारी ही मंडळी, नेमकी याच वेळी ऐकायला लागली.

बी पेरलं, आणि दुसऱ्याच दिवशी गणिताचे सर क्षेत्रफळ काढायला वर्ग घेऊन वाफ्यात उतरले. भूगोलाच्या बाईंनी चाळीस मुलं चारही दिशांना चालवून दिशा शिकवल्या. भाषेच्या बाईंनी मातीवरचा निबंध मातीत बसवून लिहून घेतला. पीटीच्या सरांना वाफ्याभोवती कवायत घ्यायची होती, पण भोवती जागा नव्हती, म्हणून मधेच घेतली. रोज सहा तास बागेत! फाइलमधला बागेतल्या तासांचा माझा तक्ता भरगच्च. मी खुणा करत खूश.

एकविसाव्या दिवशी वाफ्यावर कॅरम खेळता आला असता. मुळ्याचं एक पान नाही.

मी मावशींकडे गेले. "मावशी, बियाणं खराब निघालं हो."

"बियाणाला कशाला नावं ठेवता, बाई? तीन आठवडे इथून बघतेय. सहा-सहा वर्ग डोक्यावर नाचताहेत बिचाऱ्याच्या. तुम्हाला मधे चहा तरी मिळतो. त्याला मधली सुट्टी कधी?"

"मग आधी का नाही बोललात?"

"मला विचारलं कुणी? सही करा म्हणालात, केली. हसा म्हणालात, हसले."

दुपारी टोपल्या आवरून मावशी कुदळ घेऊन आल्या. माती खणली, ढेकळं फोडली, नव्याने पेरलं, पाय ठेवायला कडेने विटा मांडल्या. मुलांना आधी घट्ट माती दाखवली, मग सैल. "आता आत कुणी जायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही हं, बाई."

चौथ्या दिवशी अंकुर दिसले. शाळा माझ्या खिडकीला लटकली. गणिताचे सर पानं मोजायला वर्ग माझ्याच खोलीत आणू लागले. सगळ्यांचे डोळे बाहेर, त्यामुळे बटणांची काजं वेडीवाकडी व्हायला लागली. मी रागावले नाही. माझीही नजर तिथेच. फक्त तक्त्यात आता शून्यामागून शून्य पडत होतं.

मॅडम आल्या. फाइल चाळली. "शेवटचे एकोणीस दिवस बागेत एकही तास नाही?"

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर स्कूटर लागलेली मला स्पष्ट दिसली.

"असू दे, निदान फोटो घेऊ," म्हणत मॅडमनी वाफ्याकडे पाऊल उचललं.

"मॅडम, पाय!" खिडकीतून चाळीस गळे ओरडले.

पीटीचे सर सवयीने गरजले, "थांब!" आणि मॅडम एका पायावर खरंच थांबल्या.

"माती दबते," माझ्या वर्गातली, शिवणात कायम नापास होणारी मुलगी धीर करून म्हणाली. "मग मुळ्याला खाली जाता येत नाही."

"हे कुठल्या तासाला शिकलात?"

"तासाला नाही. मावशींनी दाखवलं."

मॅडमनी पाय जपून विटेवर ठेवला आणि थेट फाटक गाठलं. अर्ध्या तासाने परतल्या, काखेत पालकाची जुडी. फाइलमधले सगळे रकाने ओलांडून त्यांनी तळाशी एवढंच लिहिलं: बाग आहे.

"ठीक आहे," मोठ्या बाई सुस्कारा सोडून म्हणाल्या. "पण मुळे निघेपर्यंतच. मग स्कूटर."

मावशी माझ्या कानाशी आल्या. "सगळे मुळे एकदम काढायचे असतात होय? दर सोमवारी एकेक ओळ पेरत राहा."

तेव्हापासून दर सोमवारी मी एक ओळ पेरते. मोठ्या बाई जाता-येता खिडकीत डोकावतात. "काय, निघाले का मुळे?"

"निघताहेत, मोठ्या बाई," मी म्हणते. "निघताहेत."