चोविसावा दांडा

"सरळ उभी राहा," मी म्हणालो.

"उभीच आहे," बायको म्हणाली.

मी हातातला कोळशाचा तुकडा खाली घेतला. खरंच, ती उभीच होती. कंबरेपासून पुढे कललेली, पण तिच्या परीनं सरळ. लग्नाच्या वेळी ती माझ्या कानापर्यंत यायची, आता छातीशी आली होती. हे कधी झालं ते मला सांगता येणार नाही. लोकांच्या पिकाची उंची मी दर पंधरवड्याला टेप लावून मोजत आलो, घरातल्या माणसाची मोजायची राहून गेली.

"घ्या लवकर माप. चुलीवर दूध आहे."

मी तिच्या कोपराखाली चार बोटं धरून कोळप्याच्या दांड्यावर खूण केली आणि करवत उचलली. बाकीचे तेवीस दांडे दोन दिवसांत कापून झाले होते. हा चोविसावा.

बाहेरून आलेला शेतीचा सल्ला गावोगाव पोचवणं, ही माझी नोकरी. सल्ला मोठे लोक देतात, मी तो मोटारसायकलवरून पोचवतो आणि पोचल्याचा फॉर्म भरून पाठवतो. गावातली माणसं मला तोंडावर भाऊ म्हणतात आणि पाठीमागे फॉर्मभाऊ. तेहेतीस वर्षांत मी इतके फॉर्म भरलेत की नावाबद्दल तक्रार करायला तोंड नाही.

दोन वर्षांपूर्वी शेतीच्या एका प्रकल्पातून चोवीस कोळपी आली. पुढे एक चाक, मागे पातं, वर लांब दांडा आणि आडवी मूठ. उभ्यानं ढकलायचं आणि तण काढायचं. खुरपं घेऊन दिवसभर वाकायला नको. प्रकल्पाच्या तज्ज्ञ मॅडम स्वतः आल्या आणि त्यांनी शाळेच्या वर्गात मन लावून शिकवलं. समोर मला धरून चोवीस बाप्ये बसले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या, सह्या केल्या आणि कोळपी घरी नेली. त्यानंतर ती कोपऱ्यातून हलली नाहीत. कुणी त्यांच्यावर टॉवेल वाळत घातले, कुणाच्या कोंबड्या त्यांच्यावर बसू लागल्या.

मी दर तिमाहीला रिपोर्ट लिहायचो. 'वापर होत नसल्यास कारण' असा त्यात एक रकाना असे. मी लिहायचो, शेतकरी उदासीन. आठ वेळा लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

मग या सोमवारी पत्र आलं. मॅडम गुरुवारी पाहणीला येणार, आणि वापर दिसला नाही तर सगळी कोळपी गोळा करून दुसऱ्या भागात पाठवणार. निदान पुसून-बिसून ठेवावं म्हणून मी आमच्या वाट्याचं कोळपं अंगणात काढलं. तेवढ्यात बायको शेतातलं तण निंदून आली, कंबरेवर हात दाबत. डॉक्टरांनी तिला वाकायचं बंद करायला सांगितलं होतं. उगवायचं बंद कर, असं तणाला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"आज पुसताय होय त्याला?" तिनं विचारलं. "बघू, काय करतं ते."

तिनं मूठ धरली. मूठ तिच्या हनुवटीला लागली. हात खांद्याच्या वर नेऊन तिनं ढकलून पाहिलं. चाक फिरलं, पातं मातीत शिरलंच नाही.

"हे कुणाच्या मापाचं?"

"तज्ज्ञांनी ठरवलंय."

"तज्ज्ञ निंदतात?"

"नाही."

"मग बाप्ये निंदतात?"

 आमच्याकडे निंदणी बायकाच करतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. तरी वर्गात मी पुरुष बसवले होते, कारण फॉर्मवर 'कुटुंबप्रमुख' असं छापलं होतं.

"दोन वर्षांत एका तरी बाईला विचारलंत, बाई गं, हे का वापरत नाहीस?"

"तुला तरी कुठे विचारलं," मी म्हणालो.

तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. "करवत आहे ना घरात?"

"अगं, प्रकल्पाचा माल आहे! कापला तर माझ्यावर शेकेल. निवृत्तीला तीन महिने राहिलेत."

"मग राहू द्या. बायका वाकतील अजून तीस वर्षं. सवय आहे त्यांना."

माझी बायको भांडत नाही. ती असं काहीतरी बोलते आणि भांडी घासायला जाते.

मी करवत काढली, तिनं गावात निरोप धाडला, आणि त्याच संध्याकाळपासून बायका आपापलं कोळपं घेऊन यायला लागल्या. बायको माप घ्यायची, मी कापायचो आणि मूठ पुन्हा ठोकायचो. "हिला वीतभर कमी करा." "हिच्या डाव्या हातात जोर नाही, मूठ जरा तिरकी बसवा." एकीचं माप दुसरीला लागेना. कापलेले तुकडे मी नंबर टाकून पोत्यात भरले. कुणी विचारलं तर निदान हिशेब तरी देता यावा, एवढीच अक्कल मला होती.

गुरुवारी मॅडम आल्या. शेतात बायका कोळपी ढकलत होत्या. मॅडमचा चेहरा उजळला, मग त्यांचं लक्ष दांड्यांकडे गेलं.

"भाऊ, हे कापले कुणी?"

"मी." मी पोतं त्यांच्यासमोर उपडं केलं. "चोवीस तुकडे आहेत. मोजून घ्या."

 मॅडमनी एकीच्या हातातलं कोळपं घेतलं आणि ओळीत ढकलत निघाल्या. त्या उंच होत्या, त्यांना वाकावं लागलं. अर्ध्या ओळीतच त्यांचा हात पाठीवर गेला.

"ते माझ्या मापाचं आहे, मॅडम," ती बाई मागून म्हणाली. "तुमची पाठ धरेल."

मॅडम हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "वर्गात यातली एकही नव्हती," त्या म्हणाल्या. "मला तेव्हा खटकायला हवं होतं."

"त्यांना मीच बोलावलं नव्हतं," मी म्हणालो. "आणि रिपोर्टही माझेच."

त्यांनी फाइल उघडून माझा शेवटचा रिपोर्ट काढला. मी 'शेतकरी उदासीन'वर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'दांडे लांब होते. आम्ही विचारलं नाही.' या वेळी अक्षराकडे पाहिलं नाही. मॅडमनी 'आम्ही'खाली स्वतःची सही केली.

"मापं कुणी घेतली?" त्यांनी विचारलं.

"बायकोनं. पलीकडच्या तुकड्यात आहे ती. बोलावतो."

"तिला कशाला बोलावता? मीच येते."

मी पुढे निघालो. बायको ओळीच्या त्या टोकाहून कोळपं ढकलत येत होती. पाठ काही सरळ झाली नव्हती. ती आता व्हायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण मान वर होती. मी बांधावर पाऊल ठेवलं न ठेवलं, तोच तिची हाक आली.

"अहो, टोपी कुठे विसरलात? ऊन केवढं आहे!"

मी जागच्या जागी थांबलो. तेहेतीस वर्षं मी दुपारचा याच बांधावरून येतोय. अगदी जवळ जाऊन खाकरलो की मग ती मान वर करायची. तोवर तिला फक्त माती दिसायची आणि स्वतःचे पाय. आज तिनं मला लांबून येताना पाहिलं.

"विसरलो," मी म्हणालो, आणि ती ओळ संपवून येईपर्यंत तिथेच उन्हात उभा राहिलो.