पट्टा ओढायचा राहिला

मित्रांनो, मी एक जुनी, लाल, दोन दारांची मोटार आहे. निदान सोमवारपर्यंत तरी आहे. सोमवारी जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या या भंगारवाल्याकडे माझा चेंदामेंदा करणार आहेत.

कारखान्यात जन्म तर सगळ्याच मोटारींचा होतो, त्यात मिरवण्यासारखे काही नाही. माझे सुखाचे दिवस सुरू झाले ते जवळच्या वाल्डॉर्फ गावी, मीनलच्या हाती पडल्यावर. लायसन्स मिळाल्यावर तिने चालवलेली पहिली गाडी मीच. बाई उंचीने बेताची. पुढचा रस्ता दिसावा म्हणून जुन्या साडीची एक उशी शिवून ती माझ्या सीटवर ठेवी. मग कुणाची वाट न बघता मनात येईल तिथे जाई. मला त्याचा केवढा अभिमान!

पुढे तिच्या नवऱ्याने, चारुदत्तने, मोटरहोम घेतले. चाकांवरचे घरच ते, पण गावाच्या गल्लीत शिरेल तर शपथ! म्हणून ते कॅम्पिंगच्या जागी उभे करायचे आणि हिंडायला मला न्यायचे, असे ठरले. मला ट्रेलरवर चढवत, चाकांवरून पट्टे आवळत आणि मागे जोडून ओढत नेत. धडधाकट चाके असून ओझे व्हायचे, हे माझ्या मनाला फार लागे. पण मुक्कामी मीनलने उशी ठेवून किल्ली फिरवली की माझा राग पळे.

या उन्हाळ्यात चारुदत्तची आई, मनोरमाबाई, पुण्याहून आल्या होत्या. निघायच्या सकाळी चारुदत्त पट्टे आवळत होता. एवढ्यात त्या वाटी घेऊन बाहेर आल्या.

"चारू, हात पुढे कर. दही घालते."

"आई, मागचे दोन पट्टे ओढायचेत अजून."

"अरे, वेळ टळतेय! कर हात."

त्याने हातावरचे दही चाटले. दही खाल्ल्यावर रेंगाळायचे नसते. तो तडक पुढे मीनलशेजारी जाऊन बसला आणि मनोरमाबाईंना घरी ठेवून आम्ही निघालो.

हायवेच्या पहिल्याच मोठ्या वळणावर मी मागून घसरले आणि कठड्यावर आदळले. कुणाला खरचटलेही नाही, एवढेच नशीब. माझा कणा मात्र वाकला.

"आल्झो, टोटालशाडेन," गॅरेजमध्ये तपासनीस म्हणाला. म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडे.

मनोरमाबाई माझ्या दाराला हात लावून उभ्या होत्या. "तुम्ही फाटकातून बाहेर पडताना मला पट्टा लोंबताना दिसला होता रे," त्या म्हणाल्या. "पण निघालेल्या माणसाला मागून हाक कशी मारायची?"

"अहो आई, मारायची होती हो," मीनल एवढेच म्हणाली.

मला म्हातारीचा संताप आला. पण लेकाचे भले व्हावे म्हणूनच ती गप्प राहिली होती. मग रागावायचे तरी कुणावर?

"आता दुसरी गाडी नको," चारुदत्त म्हणाला. "मुक्कामी मोटरहोममध्येच बसू. काय अडतंय?"

मीनल माझ्या सीटवरची उशी सरळ करत राहिली.

काल ती इथे येऊन माझ्यातले सामान काढून घेऊन गेली. छत्री, नकाशा, गॉगल, सगळे नेले. उशी तेवढी सीटवर राहिली. मीनल फाटकाकडे चालत गेली तेव्हा मला ती राहिलेली उशी दिसत होती, पण मला हॉर्नसुद्धा वाजवता येत नाही.

मित्रांनो, तुम्हाला आवाज आहे. कुणाचे काही राहिलेले दिसले, तर मागून हाक मारा.